म्हातारपण आणि माणसे

दिवाळी अंक घरात आला की तो आधी कोणाच्या हाती पडतो, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. मुले व्यंगचित्रे पाहून घेतात. थोरली मंडळी राशिभविष्यावरून नजर फिरवतात. कोणी कथा चाळतो, कोणी लेखकांची नावे वाचून अंक खाली ठेवतो. चार-आठ दिवसांनी फराळाचे डबे तळाला गेले, की तो अंक दुपारच्या निवांत वेळी खिडकीशी बसलेल्या माणसाकडे जातो. चष्मा पुसून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट, तो अंक खऱ्या अर्थाने वाचते ते घरातले सर्वांत वडील माणूस. तेव्हा ज्याच्या भरवशावर आम्ही लेखक मंडळी लिहितो, त्या वाचकाविषयी आपल्या साहित्याने काय लिहिले आहे, याचा हिशेब एकदा दिवाळी अंकातच मांडावा, यात वावगे काही नाही.

मराठी वाङ्मयात म्हाताऱ्या माणसांची वाण नाही. आजोबा आहेत, आज्या आहेत, पेन्शनर आहेत, कीर्तनकार आहेत. परंतु नुसते म्हातारे पात्र असणे वेगळे आणि म्हातारपण हा लेखनाचा विषय होणे वेगळे. आजी गोष्ट सांगते आणि पडद्याआड जाते. गोष्ट संपल्यावर तिचे काय होते, ते कोणी विचारीत नाही. हा प्रश्न आपल्याकडे मोठ्या आवाजात विचारला तो रंगभूमीने, आणि तोही साधारणपणे एकाच दशकात. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' आले. पाठोपाठ त्याच दशकात जयवंत दळवींचे 'संध्याछाया' आले. या दोन नाटकांनी मराठी कुटुंबाला इतके रडवले की म्हातारपण म्हटले की आजही आपल्याला हीच दोन नाटके आठवतात. इतकेच नव्हे, तर म्हातारपणाचा अर्थही आपण त्यांच्याकडूनच उसना घेतो. तो अर्थ पुरता आहे का, हे मला पाहावयाचे आहे.

प्रथम 'नटसम्राट' घेऊ. गणपतराव बेलवलकर, म्हणजे सर्वांचे आप्पासाहेब, रंगभूमीवरून निवृत्त होतात. मिळवलेले सारे मुलाला आणि मुलीला वाटून टाकतात. आणि मग आधी मुलाच्या व नंतर मुलीच्या घरी त्यांची आणि त्यांच्या पत्नीची, कावेरीची, जी ससेहोलपट होते, ती आपल्या सर्वांना पाठ आहे. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने या नाटकाचा पहिला प्रयोग केला तेव्हा आप्पासाहेबांचे काम करणारे डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अभिनयाची थोरवी कळते. नाटकाला १९७४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याचे नाते शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी आहे, हे तर शाळकरी मुलेही सांगतात.

पण प्रेक्षागृहातून बाहेर पडताना लोक काय बोलतात ते मी अनेकदा कान देऊन ऐकले आहे. जिन्यावर उतरता उतरता एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणतो, जिवंतपणी कुणाच्या नावावर काही करू नये. दुसरा मान डोलावतो. म्हणजे एवढे अश्रू ढाळून आपण घरी काय नेले, तर मिळकतीविषयीचा एक व्यावहारिक सल्ला! तो सल्ला खोटा नाही. पण नाटक तेवढ्यासाठी लिहिलेले नाही. लिअर हा राजा होता; त्याने राज्य दिले आणि त्याचे सैनिक गेले. शिरवाडकरांनी राजाच्या जागी नट आणला, आणि त्या एका बदलाने नाटकाचा सारा अर्थच बदलला. नटाचे सैन्य म्हणजे प्रेक्षक. आप्पासाहेबांनी इस्टेट वाटली ही दुसरी गोष्ट. त्याआधी त्यांचे प्रेक्षक गेलेले आहेत. चाळीस वर्षे ज्याच्या तोंडून शब्द निघाला की हजार माणसे श्वास रोखून बसत, त्या माणसाला आता एका दिवाणखान्यात हळू बोला असे सांगितले जाते. घरात त्यांचे कान देऊन ऐकणारे कोण उरते? बायको आणि एक लहानगी नात. आणि पहिला खटका उडतो तो नेमका नातीवरूनच. मुलगा-सून दुष्ट आहेत म्हणून तो उडत नाही. त्या घराची रीत वेगळी आहे आणि या म्हाताऱ्याचा आवाज त्या रीतीत मावत नाही, म्हणून उडतो.

आता नाटकाच्या उत्तरार्धाकडे पाहा. सारे हरवल्यावर आप्पासाहेबांना कोण भेटतो? रस्त्यावर बूटपॉलिश करणारा एक पोर, राजा. या पोराला त्यांची कीर्ती ठाऊक नाही, त्यांच्याकडून त्याला काही मिळावयाचे नाही. पण तो ऐकतो. घर हरवलेल्या नटाला रस्त्यावर एक प्रेक्षक सापडतो, आणि तेवढ्यावर ते मोडके मन पुन्हा उभे राहते. शिरवाडकरांना काय म्हणावयाचे आहे ते इथे आहे, असे मला वाटते. कृतघ्न संतती हा नाटकाचा विषय खरा, पण त्याच्या मुळाशी दुसरा विषय आहे : ज्याचे कोणी ऐकत नाही, तो जिवंत असूनही हळूहळू पुसला जातो. राजाचा प्रवेश आपण दोन अश्रूंमधला विसावा म्हणून पाहतो. माझ्या मते नाटकाचे उत्तर त्या प्रवेशात आहे.

'संध्याछाया'ची गोष्ट निराळी. तिथे कोणी कृतघ्न नाही. नाना आणि नानी यांचे दोन मुलगे. एक अमेरिकेत गेलेला, दुसरा सैन्यात. दोघेही चांगले. दोघांचीही प्रगती आईबापांनीच मनापासून इच्छिली होती. म्हणूनच हे नाटक 'नटसम्राट'पेक्षा अधिक अवघड आहे. इथे दोष द्यायला माणूस सापडत नाही. विजया मेहतांनी ते बसवले आणि नानीची भूमिकाही केली. त्यातले सर्वांत मोलाचे प्रसंग कोणते? चुकून वाजलेला फोन, आणि चुकून दारी आलेला माणूस. चुकीचा नंबर लागला म्हणून पलीकडचा माणूस फोन ठेवू पाहतो, आणि इकडे त्याला धरून ठेवण्याची केविलवाणी धडपड चालते. प्रेक्षागृह हसते. हसता हसता एखादा मध्येच थांबतो, कारण गेल्या महिन्यात आईचा फोन आपणही असाच घाईने ठेवला होता, हे त्याला आठवते.

या प्रवेशांमुळे दळवींना मोठा लेखक म्हणावे लागते. परंतु नाटकाच्या शेवटाविषयी माझी तक्रार आहे. धाकटा मुलगा दगावतो, थोरला परतणार नाही हे निश्चित होते, आणि ते वृद्ध जोडपे आपणहून जगाचा निरोप घेते. प्रयोगात हा शेवट अंगावर काटा आणतो, हे मला मान्य आहे. पण तो प्रेक्षकाला सोडवतो. इतके भयंकर काही आपल्या घरी घडणार नाही, अशी प्रत्येकाची मनातून खात्री असते. तेव्हा तो मनसोक्त रडतो आणि हलका होऊन घरी जातो. चुकलेल्या फोनचा प्रवेश त्याला असे सोडत नाही. आणखी एक. या घराचे सारे दोर दोनच खुंट्यांना बांधलेले आहेत, दोन मुलांना. खुंट्या उपटल्या आणि घर कोसळले. साठ-सत्तर वर्षे जगलेल्या या दोन माणसांना स्वतःची अशी, मुलांवाचूनची, माणसे का उरली नाहीत, हा प्रश्न नाटक विचारीत नाही. मला वाटते, विसाव्या शतकातल्या पांढरपेशा मराठी घराविषयीचा सर्वांत झोंबणारा प्रश्न तोच होता. नोकरी, बिऱ्हाड, मुलांची शिक्षणे यांत पस्तीस वर्षे गेली. स्नेही जोडायचे राहून गेले. निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे मिळाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता जायला जागा नव्हती.

या ठिकाणी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. 'नटसम्राट' लिहिले तेव्हा शिरवाडकर अठ्ठावन्न वर्षांचे होते. 'संध्याछाया' लिहिली तेव्हा दळवी पन्नाशीच्या आत होते. म्हणजे आपली म्हातारपणाची थोर नाटके साठीच्या अलीकडच्या माणसांनी लिहिलेली आहेत. ज्याचे आईबाप थकले आहेत आणि ज्याच्या मनाला कुठेतरी टोचणी आहे, अशा मुलाच्या बाजूने पाहिलेले म्हातारपण त्यांत आहे. म्हणून त्यांत 'मुलांनी काय केले' हा प्रश्न एवढा मोठा होतो. म्हाताऱ्या माणसाला दिवसभर स्वतःला काय वाटते, त्याचे हसणे-भांडणे कोणाशी चालते, हे या नाटकांत कमी दिसते.

ते पाहावयाचे तर आधी पु. ल. देशपांड्यांकडे जावे लागते. ते तेव्हा याहूनही तरुण होते. पण म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसून ऐकण्याची त्यांना आवड होती, आणि ते वयापेक्षा अधिक कामी आले. १९५७ सालच्या 'तुझे आहे तुजपाशी' या नाटकाची चर्चा बहुधा भोगवाद विरुद्ध त्यागवाद अशी होते. ती ठीकच. पण या दृष्टीने पाहा : इंदूरच्या त्या घरात उतरणीला लागलेले दोन पुरुष आहेत. काकाजींपाशी शिकारीच्या आठवणी आहेत, गाणे आहे, पान आहे. आणि त्यांच्याभोवती माणसे आहेत. आचार्यांपाशी व्रते आहेत, प्रतिष्ठा आहे. आणि त्यांच्याभोवती अनुयायी आहेत. माणसे आणि अनुयायी यांतला फरक हे नाटक हसत हसत दाखवते. अनुयायी पाया पडतात आणि निघून जातात. माणसे थट्टा करतात आणि थांबतात. आचार्यांना उशिरा कळते ते हे, की आयुष्यभर लोकांत राहूनही आपण कोणाचेच झालो नाही. काकाजींपुढे त्यांचे मन मोकळे होते, ते ऐकताना नाटकातला विनोद एका क्षणात गंभीर होतो. एकांत आणि एकटेपणा या दोन गोष्टी आपण नेहमी एकत्र कालवतो. एकांत माणूस निवडतो आणि त्यातून परत येतो. एकटेपणा त्याच्यावर येऊन पडतो. कधी भरल्या घरात, कधी सत्काराच्या व्यासपीठावरही.

आणि मग 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा. या व्यक्तिचित्राकडे आपण कोकणी तिरकसपणाचा नमुना म्हणून पाहतो आणि हसतो. जरा बाजूला होऊन पाहू. अंतूशेटच्या म्हातारपणाची सामग्री काय? बायको वारलेली, मुलगा मुंबईला, पैसा जेमतेम, घर जुने. हीच सामग्री एखाद्या करुण नाटककाराच्या हाती दिली असती तर तिसऱ्या अंकात काय झाले असते, ते सांगायला नको. परंतु अंतूशेटपाशी एक गोष्ट आहे जी नाना-नानींपाशी नाही : रत्नागिरीची मधली आळी. तिथे त्याच्याच वयाचे, त्याच्याच जिभेचे, त्याच्याच दारिद्र्याचे चार सोबती आहेत. कोणी कोणाची कीव करीत नाही. गोड बोलणे तर जवळजवळ अपमानच. पण एक जण दिसला नाही तर बाकीच्यांना ते कळते. अंतूशेटचा तो तिरकसपणा हे एकट्याचे शस्त्र नव्हे. ऐकून तितकाच तिरकस जबाब देणारा समोर आहे म्हणून तो जिवंत आहे. आणि मुंबईहून येणारा लेखक, रत्नागिरीचा जावई, हा त्याला मिळालेला नवा श्रोता. त्या लेखनातली करुणाही इथूनच येते. एकेक सोबती गळतो तसा त्या आळीतला आवाज विरळ होत जातो, आणि हसवता हसवता लेखक आपल्याला कुठे आणून सोडतो ते शेवटी कळते. म्हातारपणी माणसाला मुलगा परदेशी गेल्याचे दुःख होते हे खरे. बरोबरीचा माणूस गेल्याचे दुःख किती खोल असते, हे मात्र मराठीत फार थोड्यांनी लिहिले आहे. मुलांना आपले म्हातारपण दिसते. आपले तरुणपण पाहिलेला माणूस गेला की त्याचा साक्षीदारच जातो.

येथवर मी ज्या पात्रांविषयी बोललो, त्यांत नानी आणि कावेरी सोडल्या तर सगळे पुरुष. हे बरोबर नाही. पण हा दोष माझ्या निवडीचा कमी आणि आपल्या वाङ्मयाचा अधिक आहे. कावेरी आप्पासाहेबांची प्रेक्षक आहे. जन्मभर तिने पहिल्या रांगेत बसून त्यांचे ऐकले. पण कावेरीचे कोण ऐकते? पार, कट्टा, देवळाचा सभामंडप, बागेतले बाक या साऱ्या जागा पुरुषांना निवृत्तीनंतर मिळतात. बाईला निवृत्तीच नाही. सत्तराव्या वर्षीही संध्याकाळच्या कुकरची शिट्टी तिला घरी ओढते. तिला भेटायला माणसे हवी असतील तर ती हळदीकुंकवाच्या, भजनीमंडळाच्या, कीर्तनाच्या निमित्ताने भेटतात, आणि आपण सुशिक्षित मंडळी त्या निमित्तांना हसतो. आषाढात आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत जाऊन पाहावे. डोईवर तुळस घेतलेल्या साठी-सत्तरीच्या बाया सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात. विठ्ठलाची ओढ तर आहेच. पण वर्षातले ते अठरा-वीस दिवस असे असतात की तिला कोणी सून म्हणत नाही, सासू म्हणत नाही, काम सांगत नाही. तिला 'माउली' म्हणतात, आणि शेजारी चालणारी बाई गेल्या वर्षी कुठे गोष्ट सोडली होती ती तिथून पुढे सांगू लागते. या बाईवर मोठे नाटक अजून लिहिले जावयाचे आहे.

मात्र एका बाईने हे काम कोणाची वाट न पाहता स्वतःच केले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले होते. शाळेचे शिक्षण नावापुरतेही नव्हते. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे नेऊन पुरे करण्याचा भार या बाईने उचलला, आणि मग आठवणी लिहिल्या. म्हातारपणी लिहिलेली आत्मचरित्रे बहुधा दोन प्रकारची असतात : एक हिशेबाची, दुसरी तक्रारीची. 'स्मृतिचित्रे' यांपैकी कशातच बसत नाही. सोवळ्याओवळ्याचा अतिरेक करणारे वडील, हातात पैसा न टिकवणारा विक्षिप्त पण विशाल मनाचा नवरा, धर्मांतराने दुभंगलेला संसार. तक्रारीला जागा हवी तेवढी होती. तरीही ते पुस्तक खळखळून हसते. याचे कारण शोधताना मला नेहमी त्यातल्या वाक्यांकडे पाहावेसे वाटते. ती लिहिलेली वाटतच नाहीत. समोर पाच-सहा माणसे ओसरीवर बसली आहेत आणि कोणीतरी सांगते आहे, अशी ती आहेत. ज्या माणसाच्या घरी येणारे-जाणारे कधी थांबले नाही, परक्याची पोरे ज्याने आपली म्हणून सांभाळली, त्याच माणसाला असे गद्य साधते. लक्ष्मीबाईंची शैली हे त्यांच्या गोतावळ्याचे फळ आहे. एवढी चांगली मराठी कोठे शिकवली जाते, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, ऐकणारी माणसे असलेल्या घरात.

आता एक कठीण प्रश्न उरतो. सांगायला आठवणच उरली नाही तर? माणसे ओळखूच येईनाशी झाली तर त्यांची सोबत असून काय उपयोग? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाने हा प्रश्न धीटपणे हाती घेतला. संस्कृतचे मोठे पंडित चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशाने बालकासारखे झाले आहेत. रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते त्याच्यामागून निघून जातात. ही भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. शास्त्रीबुवांची मुलगी जिवाच्या आकांताने शोध घेते. इकडे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना आपल्या तुटपुंज्या संसारात ठेवून घेते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्य होता. मुलीचे दुःख हे की वडील आता पूर्वीचे राहिले नाहीत. चन्नम्माला हे दुःख नाही, कारण पूर्वीचे शास्त्री तिने पाहिलेच नव्हते. तिच्यापुढे एक भुकेला, भांबावलेला जीव आहे; ती त्याला भरवते. मुलगी प्रेमात कमी पडते असे चित्रपट म्हणत नाही, आणि हा त्याचा मोठेपणा. तो एवढेच सुचवतो की ओळख ही दोन्ही बाजूंनी असावी लागते असे नाही; एका बाजूने धरलेला हातही हातच असतो. 'नटसम्राट'मधला राजा आणि 'अस्तु'मधली चन्नम्मा यांच्यामध्ये चाळीसहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण ती एकाच कुळातली माणसे आहेत. दोघेही परकी, दोघेही गरीब. आपल्या लेखकांना सुखवस्तू घरातल्या म्हाताऱ्यासाठी आधार शोधायला पुन्हा पुन्हा रस्त्यावर जावे लागते, यावर आपण घरात राहणाऱ्यांनी थोडा विचार करावा.

कोणी म्हणेल, ही सारी नाटका-पुस्तकांतली हळवी गोष्ट. शास्त्र काय म्हणते? शास्त्रही आता तेच म्हणू लागले आहे. २०१० साली अमेरिकेत ज्युलिअन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती तपासली. ज्यांचे स्नेहसंबंध भक्कम, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे पन्नास टक्क्यांनी अधिक आढळली. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा ग्रासतो असे सांगितले, आणि दर वर्षी आठ लाखांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे सुमारे दहा कोटी चाळीस लाख होती. महाराष्ट्रात दर दहा माणसांत जवळजवळ एक. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या घरात आहे. म्हणजे ज्या वयाविषयी आपल्या पूर्वजांना फारसा विचार करावा लागला नाही, ते वय आता बहुतेकांच्या वाट्याला येणार आहे. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदाही झाला. कायदा अन्न देववील, औषध देववील. शेजारी बसून ऐकायला तो कोणाला लावू शकत नाही; ते काम वाङ्मयाचे आणि रीतीभातीचे.

मुलांची बाजूही मांडली पाहिजे. सातासमुद्रापार गेलेला मुलगा रोज रात्री पडद्यावर आईचे तोंड पाहतो. हे दळवींच्या नानींना मिळाले नव्हते. मी याला कमी लेखत नाही. तथापि त्या बोलण्याचा आशय काय असतो, ते कोणत्याही घरी जाऊन ऐकावे. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे. सगळे प्रश्न देहाचे. माणूस आयुष्यभर देहाखेरीजही बरेच काही होता, हे त्या प्रश्नांत कोठे येत नाही. आपण म्हाताऱ्या माणसाची काळजी घेतो, पण त्याचा सल्ला घेत नाही. त्याला विश्रांती देतो आणि काम काढून घेतो. महर्षी कर्व्यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ स्थापन केला. ते १०४ वर्षे जगले. सगळेच कर्वे नसतात, हे खरे. पण नातवाला पाढे म्हणवून घेणे, वाण्याचा हिशेब ठेवणे, जुन्या कागदांची वर्गवारी लावणे, वाचनालयात दोन तास बसणे, एवढी कामेही 'तुम्ही कशाला दगदग करता' या प्रेमळ वाक्याने काढून घेतली जातात, आणि त्या वाक्याइतके निर्दय वाक्य मराठी घरात दुसरे नसेल.

आणि कट्ट्यापर्यंत पोचायला रस्ता लागतो. फूटपाथ उखडलेला, बसची पायरी गुडघाभर उंच, बागेत स्वच्छतागृह नाही. मग सत्तरीची बाई घराबाहेर पडत नाही आणि आपण म्हणतो, आईला हल्ली कोठे जायला आवडत नाही. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत ज्येष्ठ नागरिक संघ निघाले आहेत. सकाळच्या बागांत हास्यमंडळे भरतात. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी हास्यक्लब सुरू केला तेव्हा लोकांना ती गंमत वाटली होती. हात वर करून मोठमोठ्याने हसणाऱ्या त्या मंडळींना पाहून आजही येणारे-जाणारे हसतात. त्यांनी खुशाल हसावे. त्या वर्तुळात एक माणूस दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारावर थाप पडते. मधल्या आळीची ही शहरी आवृत्ती आहे, आणि अंतूशेटने तिची यथेच्छ टिंगल करून तिच्यात नाव घातले असते!

आपल्या रंगभूमीने म्हाताऱ्यांसाठी पुष्कळ अश्रू खर्च केले. ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. 'नटसम्राट' पाहून रात्री वडिलांच्या खोलीत डोकावलेले अनेक जण मला ठाऊक आहेत. आता मात्र आणखी एखादे नाटक यावे, ज्यात सत्तरीची चार माणसे एकमेकांशी भांडतात, गुपिते ठेवतात, नवी मैत्री करतात, आणि मुले फक्त दुसऱ्या अंकात पाच मिनिटे येऊन जातात. ते नाटक विनोदी असावे आणि शक्य तर एखाद्या आजीनेच लिहावे. मी पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेचे तिकीट काढीन.

तोवर या दिवाळीत एक करता येण्याजोगे आहे. पाडव्याला आपण वडीलमाणसांना वाकून नमस्कार करतो, ओवाळतो, आणि फराळाची बशी त्यांच्या हाती देऊन आपल्या गप्पांत परततो. यंदा बशी देताना जवळ बसून त्यांना एखादा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर फक्त त्यांनाच ठाऊक आहे : आपल्या गावच्या घराला किती दारे होती, आजोबांशी कोण बोलत नव्हते, पहिल्या पगारात काय घेतले. उत्तर लांबेल, लांबू द्यावे. गोष्ट पूर्वी ऐकलेली असेल, तर तसे सांगू नये. आणि त्यांचा कोणी जुना स्नेही अजून हयात असेल, तर त्याच्या घरी त्यांना पोचवून यावे. स्वतः तिथे फार वेळ थांबू नये.